मधुमालतीच्या आड

जुन्या वाड्यांना वळचणी असत, तुळयांच्या टोकांशी फटी असत, भिंतींत कोनाडे असत आणि माजघरातल्या तसबिरी भिंतीपासून थोड्या कलत्या टांगलेल्या असत. या साऱ्या जागा माणसांनी स्वतःसाठी केल्या होत्या; चिमण्यांनी मात्र त्या आपल्याच मानल्या. पुढे वाडे गेले आणि त्यांच्या जागी सरळ, गुळगुळीत भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या. चिमणीला काडी अडकवण्यापुरतीही जागा त्यांत उरली नाही. तरी पाखरांनी शहर अगदीच सोडले, असे नाही. पारवे सज्जांवर राहतात. होला कुंडीतल्या रोपाच्या बुडाशी चार काड्या टाकतो आणि त्यालाच घरटे म्हणतो. शिंजिराची मादी आपली लोंबती थैली कपडे वाळत घालण्याच्या तारेलाही बांधते. आणि खिडकीच्या गजांवर एखादा दाट वेल चढलेला असला, तर तेथे बुलबुल येण्याचा संभव असतो.

पुण्याच्या कोथरूड भागातील एका चार मजली इमारतीत अशी एक खिडकी होती. दुसऱ्या मजल्यावरील मागच्या खोलीची ती खिडकी मधुमालतीने जवळजवळ झाकून टाकली होती. वेलाचे मूळ खाली आवारात, कुंपणाच्या जास्वंदीशेजारी होते. तेथून तो नळाच्या आधाराने वर आला होता. संध्याकाळी उमललेली त्याची फुले पांढरी असत. दुसऱ्या दिवशी ती गुलाबी होत आणि मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसत.

घरात आजी-आजोबा, आई-वडील आणि दोन मुले होती. मुलगी अकरा वर्षांची, तिचा भाऊ आठ वर्षांचा. आजोबा भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या होत्या, आणि म्हणून असेल, ‘अंदाजे’ हा शब्द कोणी वापरला की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

चैत्राचे अखेरचे दिवस होते. परीक्षा आटोपल्या होत्या. एके सकाळी मुलगी खिडकीशी बसली असता वेलात काहीतरी हलले. तिने पाहिले, तो एक पक्षी चोचीत वाळलेले मूळ धरून गजावर बसला होता. डोके काळे, त्यावर लहानसा तुरा, अंग मातकट तपकिरी आणि त्यावर खवल्यांसारखी नक्षी. तो वळला तेव्हा शेपटीच्या बुडाशी असलेला लालभडक ठिपका दिसला. हाच लालबुड्या बुलबुल. त्याच्यामागून तसाच दुसरा आला. नर-मादी दिसायला सारखेच असल्यामुळे कोण कोणता, हे सांगता येईना.

पाच दिवसांत घरटे पुरे झाले. बाहेरून बारीक काटक्या, त्या सांधायला कोळ्याची जाळी आणि आत मऊ मुळ्यांचे अस्तर. लहानशी वाटीच ती. नंतर रोज सकाळी एक याप्रमाणे तीन अंडी आली. फिकट गुलाबी रंगाची, आणि त्यांवर तांबूस ठिपके. रुंद टोकाकडे ठिपके अधिक दाट. मुलगी स्टुलावर उभी राहून ती पाही. तिचा आनंद पोटात मावेना. वडिलांचा मोबाइल घेऊन तिने छायाचित्रे काढण्याचा प्रयत्न केला. पण प्रत्येक वेळी पानेच मध्ये येत. अखेर तिने एक युक्ती केली. बुलबुल चरायला गेलेले पाहून तिने वेलाचे चार-पाच फाटे बाजूला ओढले आणि सुतळीने गजाला बांधून टाकले. आता घरटे कसे स्वच्छ दिसू लागले! बसलेल्या पक्ष्याचा डोळासुद्धा छायाचित्रात आला.

तिसऱ्या दिवशी उजाडताच बुलबुलांचा कर्कश आक्रोश ऐकून सारे घर जागे झाले. मुलगी धावत खिडकीशी आली. गजावर एक कावळा बसला होता. दोन्ही बुलबुल त्याच्या अंगावर झेप घेत होते. पण कावळ्याला त्याचे काय? त्याने मान खाली घातली, वर केली, पुन्हा घातली. आजोबांनी हाकलीपर्यंत त्याचे काम झाले होते. घरटे जागच्या जागी होते. आत काहीच नव्हते. एका पानावर पिवळा ओघळ तेवढा दिसत होता.

मुलीने कोणाच्या नकळत सुतळी सोडली आणि तिचे तुकडे खिडकीच्या कट्ट्यावर टाकून दिले. दिवसभर ती जेवली नाही. आईला वाटले, अंड्यांचे दुःख झाले असेल. संध्याकाळी आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले असता ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“आजोबा, ते वेल मी बांधून ठेवले होते.”

आजोबांनी चष्मा काढला. “केव्हा?”

“परवा. फोटो नीट येत नव्हता.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग मुलीनेच विचारले, “त्यामुळेच कावळ्याला घरटे दिसले का हो?”

“ते मला सांगता येणार नाही. कावळ्याची नजर तीक्ष्ण असते. पाने असतानाही त्याने ते शोधून काढले असते. पण पाने नव्हती, म्हणून त्याला ते सोपे गेले, एवढे खरे.”

“म्हणजे माझ्यामुळे.”

“काही अंशी,” आजोबा म्हणाले.

धाकटा भाऊ मध्येच म्हणाला, “त्या कावळ्याला दगड मारायला हवा!” आजोबांनी त्याला गच्चीवर नेले. समोरच्या रस्त्यावरील पर्जन्यवृक्षाच्या शेंड्यात काड्यांचा मोठा भारा दिसत होता. ते कावळ्याचे घरटे होते. त्याच्या कडेवर दोन लाल मुखे उघडझाप करीत होती. “याच दिवसांत त्याचीही पिले असतात. त्यांना भरवायला त्याला आणखी काही आणावेच लागणार,” आजोबा म्हणाले. “शिवाय त्यांतले एखादे कोकिळेचेही असू शकेल. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात टाकते, हे तुमच्या पुस्तकात आहेच. आणि हसू नकोस, बुलबुलाच्याही वाट्याला असा पाहुणा येतो. पावसाच्या सुमारास आफ्रिकेकडून येणारा चातक आपली अंडी सातभाईंच्या आणि कधीकधी बुलबुलांच्या घरट्यात घालतो. ज्याची तहान कवींनी इतकी गाइली, त्याच्या पिलाची भूक भागवतात ती ही साधी पाखरे.”

दुसऱ्या दिवशी आजोबांनी आपल्या पेटीतून एक कोरी वही काढली. आडवी, निळ्या कापडी बांधणीची. मोजणीच्या वेळी शेताच्या बांधावर उभे राहून टिपणे घेण्यासाठी असते, तशी. ती नातीच्या हातात देत ते म्हणाले, “बुलबुल एकदा हरले म्हणून वर्ष वाया घालवीत नाहीत. ते पुन्हा घरटे करतील. येथेच करतील असे नाही. पण केले, तर यात लिही. दिसेल ते लिही, वेळ घालून लिही. वाटेल ते लिहायचे झाले, तर निराळ्या पानावर.”

त्या रात्री त्यांनी मुलांना डॉ. सालिम अलींची हकीकत सांगितली. जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९३० साली परत आले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीम येथे ते जाऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसरा एखादा मनुष्य नशिबाला दोष देत बसला असता. सालिम अली घरट्यांसमोर बसले, आणि दिवसेंदिवस बसून राहिले. आपण त्या पक्ष्याला ‘सुगरण’ असे स्त्रीचे नाव दिले आहे. परंतु घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की मादी येऊन पाहते. तिला ते पसंत पडले, तर ती त्यात राहते. मग नर ते पुरे करतो आणि थोड्याच वेळात दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो. ही गोष्ट त्यांनी क्रमाने पाहिली, टिपली आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केली. घरटी तर सर्वांच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. त्यांसमोर इतका वेळ कोणी बसले नव्हते.

आठ-दहा दिवस वही कोरीच राहिली. मग वैशाखातल्या एका सकाळी मुलीला कट्ट्यावर बुलबुल दिसला. सुतळीचा एक तुकडा पायाखाली दाबून तो त्याचे धागे ओढून काढीत होता. दोन धागे चोचीत घेऊन तो उडाला आणि वेलात, खिडकीच्या वरच्या कोपऱ्याशी, जेथे पाने सर्वांत दाट होती, तेथे नाहीसा झाला. मुलीने वहीच्या पहिल्या पानावर लिहिले : ‘सकाळी ७.१०. एक बुलबुल. सुतळीचे दोन धागे नेले.’ निराळ्या पानावर तिने काय लिहिले, ते तिने कोणाला दाखवले नाही.

आता मात्र घरात नवे नियम सुरू झाले. काचेला आतून पुठ्ठा लावण्यात आला आणि त्यात बोटभर रुंदीची एक फट ठेवण्यात आली. ती फट हीच पाहण्याची जागा. खिडकी उघडायची नाही, दिवा लावायचा नाही, फटीशी एका वेळी एकानेच बसायचे. ऐन वैशाखात खिडकी बंद! खोली भट्टीसारखी तापे. मुलांचे अंथरूण बाहेरच्या खोलीत गेले. आजी दरवर्षी त्या खिडकीच्या कट्ट्यावर कुरडया वाळत घालीत असे. “मेली पाखरं, माझं ऊन खाऊन बसली,” असे ती दोन-तीन वेळा म्हणाली. पण कुरडयांचे ताट घेऊन गच्चीचे दोन जिने चढली तीच.

फटीतून पाहणे हे स्टुलावरून पाहण्याइतके सोपे नव्हते. घरट्याची एक कड आणि तिच्यावर आलेली शेपटी, एवढेच बहुधा दिसे. पहिले दोन दिवस मुलीला कंटाळा आला. मग तिच्या लक्षात आले की, आपण थोडे पाहत असलो तरी अधिक वेळ पाहत आहो, आणि पूर्वी न दिसलेल्या गोष्टी आता दिसू लागल्या आहेत. बुलबुल घरट्याकडे कधीच सरळ येत नसे. आधी तो समोरच्या तारेवर बसे, इकडेतिकडे पाही, मग जास्वंदीवर उतरे, तेथून नळावर, आणि मग वेलाच्या आतून आतून वर येई. पाने फारशी हलतही नसत. कोणी पाहत आहे असे वाटले, तर तो घरट्याजवळून तसाच पुढे निघून जाई. पहिल्या घरट्याच्या वेळी, सुतळी बांधल्यानंतर तो गजावर कितीतरी वेळ अस्वस्थपणे मान वळवीत बसे, हे तिला आता आठवले. तेव्हा तिला तो छायाचित्रासाठीच बसला आहे असे वाटले होते.

पुन्हा तीन अंडी झाली असावीत. असावीत म्हणायचे, कारण ती कोणी पाहिली नव्हती. वहीत तेथे प्रश्नचिन्ह होते. मात्र एक पक्षी आता घटकाघटका घरट्यात बसून राही. दुपारी ऊन कलून थेट घरट्यावर आले की, तो उठून कडेवर उभा राही आणि पंख किंचित पसरून आपली सावली आत पाडी. चोच उघडी असे, गळा धपापत असे. अंड्यांना ऊब लागते हे सर्वांना माहीत असते. त्यांना उन्हापासून जपावेही लागते, ते या खिडकीत मुलांना कळले. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. विजा कडाडल्या, गारा पडल्या, वेलाची पाने फाटली. मुलगी फटीला डोळा लावून उभी होती. घरट्यातला पक्षी मान आत ओढून, डोळे मिटून, जागचा न हलता बसला होता. त्याच्या पाठीवरून पाणी निथळत होते. वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे : ‘५.२० ते ६.०५ पाऊस. उठला नाही.’

अंडी उबवायला लागून नववा दिवस होता, तेव्हा खाली आवारात बांबू येऊन पडले. पावसाळ्यापूर्वी इमारतीला रंग द्यायचे ठरले होते. रंगाऱ्यांचा मुकादम मागच्या भिंतीपासून परांची बांधायला सुरुवात करणार होता आणि त्याआधी मधुमालती छाटायला हवी, असे त्याने सांगितले. वडील कामावर गेले होते. आजोबा खाली निघाले, तेव्हा मुलगी वही घेऊन त्यांच्याबरोबर गेली.

इमारतीचे चिटणीस सज्जन होते, पण घाईत होते. “अहो, एका घरट्यासाठी काम थांबवले आणि पाऊस आला, तर भिंतींत ओल जाईल. रहिवासी मला विचारतील,” ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आजोबांनी त्यांना एवढेच सांगितले की, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही शिकारीतच मोडते. चिटणिसांना ते नवे होते. परंतु कायद्याने मनुष्य थांबतो, वळत नाही. ते गप्प झाले आणि कपाळाला आठ्या घालून बांबूंकडे पाहत राहिले.

तेव्हा मुलीने वही उघडली. तिचा आवाज थोडा कापत होता. “काका, काम थांबवायचे नाही. आज नऊ दिवस झाले. अंड्यांतून पिले यायला चौदा दिवसांच्या आसपास लागतात, आणि पिले घरट्यात बारा दिवसांच्या आसपास राहतात. म्हणजे अजून १७-१८ दिवस. तुम्ही बाकीच्या तीन बाजू आधी घेतल्या तर?”

मुकादमाने वहीत डोकावून पाहिले. वेळा, रकाने, पावसाची नोंद. मग तो चिटणिसांना म्हणाला, “तीन बाजूंना एवढे दिवस लागणारच आहेत, साहेब. आपण पुढून धरू. मागची भिंत शेवटी घेऊ. पण पावसानं गाठलं तर माझ्याकडं बोट दाखवायचं नाही.” बांबू उचलून पुढच्या बाजूला नेण्यात आले.

पिले बाहेर पडली ती चौदाव्या दिवशी. एक पक्षी कवचाचा तुकडा चोचीत घेऊन दूर उडून गेला, त्यावरून ते कळले. तीन अंड्यांतून पिले दोनच झाली. तिसरे अंडे तसेच राहिले. त्याचे कारण कोणालाच सांगता आले नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पिले माना उंचावू लागली, तेव्हा ती फटीतून दिसली. अंगावर पिसे नाहीत, डोळे नुकते किलकिले होत आहेत आणि मुख एवढे मोठे की, सारे पिलू म्हणजे एक मुखच. धाकटा म्हणाला, “ताई, किती घाणेरडी दिसतात!” आणि ते खरेच होते. सुंदर पक्ष्यांची पिले प्रथम सुंदर नसतात.

मग चारापाण्याची एकच धांदल उडाली. सुरुवातीला अळ्या आणि मऊ किडे, पुढे नाकतोडे, आणि नंतर अधूनमधून एखादे पिकले फळ. दोघेही आई-बाप आणीत. एके सकाळी मुलगी सहा ते सात या वेळात फटीशी बसली आणि प्रत्येक खेपेला एक रेघ मारीत गेली. वहीत चौदा रेघा झाल्या. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत किती खेपा होत असतील, त्याचा गुणाकार धाकट्याने करून पाहिला. पण दुपारी खेपा कमी होतात म्हणून आजोबांनी तो मान्य केला नाही.

आणखी एक गोष्ट मुलांनी पाहिली, आणि ती सांगताना ती तोंडावर हात धरून हसत. भरवून झाले की, पक्षी लगेच उडून जात नसे. पिलाकडे पाहत क्षणभर थांबे. पिलू मागे वळे आणि विष्ठेची एक पांढरी पुडी बाहेर टाकी. पातळ पापुद्र्यात बांधल्यासारखी ती असे. पक्षी ती चोचीत धरून गिळून टाकी. आजीने ऐकून नाक मुरडले. पण घरट्याखालची पाने शेवटपर्यंत स्वच्छ होती, हे तिनेही पाहिले. खाली पांढरा सडा पडला असता आणि वास सुटला असता, तर पानांचा सारा आडोसा फुकट गेला असता. घरटे लपवायचे तर घाणही लपवावी लागते.

बाराव्या दिवशी सकाळी एक पिलू घरट्याच्या कडेवर उभे राहिले. आता त्याच्या अंगावर पिसे होती. शेपटी मात्र तोकडी, कापून टाकल्यासारखी. समोरच्या तारेवर आई-बाप ओरडत होते. एकाच्या चोचीत अळी होती, पण तो ती घेऊन जवळ येत नव्हता. पिलू गजावर आले, डगमगले आणि खाली गेले. उडाले म्हणावे की पडले म्हणावे, हे सांगणे कठीण होते.

मुले जिना उतरून खाली पोहोचण्यापूर्वीच राखणदाराने ते उचलले होते. जोड्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवून तो म्हणाला, “पडलं बिचारं वरून.” भोवती चार माणसे जमली. कोणी म्हणाले, दूध पाजा. कोणी म्हणाले, “आता माणसाचा हात लागला, आई त्याला घेणार नाही.” धाकट्याचे डोळे चमकले. “ताई, आपण याला पिंजऱ्यात ठेवू या! मोठे झाले की सोडू.”

मुलीने खोक्यात पाहिले. पिलाने तिच्याकडे पाहिले आणि मुख उघडले. इतक्या जवळून तिने ते कधीच पाहिले नव्हते. ते हातात घ्यावे, घरी न्यावे, भरवावे, असे तिला वाटले नसेल, हे कसे म्हणावे? तिने आजोबांकडे पाहिले. ते काहीच बोलेनात.

“हे पडलेले नाही,” अखेर ती म्हणाली. “याच्या अंगावर पिसे आहेत. हे निघाले आहे. वरचेही निघेल. याला अजून उडता येत नाही, पण ते दोघे याला भरवतील.”

“आणि हाताचे काय?” कोणीतरी विचारले.

“तो समज आहे,” आता आजोबा बोलले. “माणसाच्या हाताचा वास आला म्हणून पक्षी आपले पिलू टाकीत नाहीत. पिसे न आलेले पिलू खाली पडले, तर ते उचलून घरट्यात ठेवावे. पण हे तसे नाही. याला जमिनीवरून उचलून झुडपात बसवले की पुरे.”

जास्वंदीच्या दाट फांदीवर, कमरेच्या उंचीवर, मुलीने ते अलगद बसवले. त्याने नख्यांनी फांदी घट्ट धरली. मग सर्वजण जिन्याच्या दाराआड येऊन थांबले. आवारात एक पांढरी मांजर होती. राखणदार खोके बाजूला ठेवून तिच्यावर नजर ठेवून उभा राहिला. पाच मिनिटे गेली. दहा गेली. तारेवरचा पक्षी ओरडत होता. जमलेल्यांपैकी दोघे कामाला निघून गेले. धाकटा पुटपुटला, “येत नाही ती.” मुलीने घड्याळाकडे पाहिले आणि पुन्हा जास्वंदीकडे पाहिले. अठराव्या मिनिटाला तारेवरचा पक्षी खाली उतरला; आधी नळावर, मग कुंपणावर, मग पानांच्या आत. जास्वंदीची एक फांदी किंचित हलली. तो बाहेर आला तेव्हा त्याची चोच रिकामी होती.

दुसरे पिलू त्यानंतरच्या सकाळी गेले. ते केव्हा गेले, हे कोणीच पाहिले नाही. मुलगी फटीशी बसली, तेव्हा घरट्यात एकटे अंडे होते. पुढचे आठ-दहा दिवस दोन्ही पिले आवारातल्या झुडपांतून दिसत. ती पंख फडफडवून खाऊ मागत, आणि आई-बाप त्यांना भरवीत. त्यांच्या शेपट्या रोज थोड्या लांब होत होत्या. बुडाचा लाल ठिपका अजून फिकाच होता.

रंगारी मागच्या भिंतीशी आले, तोवर आकाश भरून आले होते. मुकादमाने खिडकीभोवतीचा वेल तोडला नाही. दोरीने बाजूला घेऊन भिंतीला पहिला हात दिला. दुसरा हात देण्यापूर्वीच मृगाचा पाऊस कोसळला आणि तो राहिला तो दिवाळीपर्यंत. इमारतीच्या तीन बाजू त्या वर्षी उजळ दिसत, चौथी जरा मळकट. रहिवाशांपैकी काहींनी चिटणिसांना त्याबद्दल ऐकवलेही.

पाऊस थांबल्यावर एका सकाळी मुलीने काचेवरचा पुठ्ठा काढला आणि महिन्याहून अधिक काळ बंद असलेली खिडकी उघडली. ओल्या मातीचा आणि मधुमालतीचा वास एकदम आत आला. रिकाम्या घरट्याच्या काठावर, काटक्यांमध्ये विणलेले सुतळीचे दोन धागे पावसाने काळपट झाले होते. धाकट्याने ते घरटे शाळेत न्यायला मागितले; पण वेलाला धक्का न लावता ते निघेना, म्हणून ते तेथेच राहिले. आजी मागून म्हणाली, “आता तरी उघडलीस का बाई? जरा वारा येऊ दे.” मुलीने वहीत तारीख घातली, वेळ लिहिली आणि पुढे लिहिले : ‘खिडकी उघडली. जास्वंदीत चार.’